थंड असताना की गरम झाल्यावर

गाडी बंद पडली आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की या वेळी मी काहीही केलेलं नाही. अगदी देवाशपथ. तीन आठवड्यांत मी बॉनेटला हात लावला नव्हता. इंजिन चालू होतं आणि पुढच्या क्षणाला नव्हतं. मध्ये खोकला नाही, आचका नाही, काही नाही. नुसती चाकं फिरत राहिली. डांबरावर टायर घासल्याचा तो बारीक आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि मग तोही थांबला. भांडुपजवळ, आग्रा रोडच्या कडेला, एका चिंचेखाली. रविवार, सकाळचे अकरा वाजत आलेले. एकीकडे डोंगर, दुसरीकडे लांबवर मिठागरांचा पांढरा पट्टा, आणि मध्ये मी, श्यामसुंदर, वय वर्षं अठ्ठेचाळीस, हेड ड्राफ्ट्समन, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून मोठ्यांदा म्हणत होतो, मी नाही केलं, मी नाही केलं. ऐकायला कोण होतं? एक म्हैस होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात घातली.

गंमत बघा. ज्या माणसाला हे सांगायचं होतं तो तिथून मागे फर्लांगभरावर होता. दत्ताराम. पेट्रोल पंपाच्या शेजारी, ताडपत्रीच्या छपराखाली, गाड्या दुरुस्त करत बसलेला. आणि तीन रविवारांपूर्वी त्याने मला तोंडावर खोटारडा ठरवलं होतं. म्हणजे खोटारडा हा शब्द काही त्याने वापरला नाही, तो माझा. पण त्याने जे म्हटलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं, हीच तर पंचाईत. आता मी त्याच्याकडे जाऊन काय सांगणार, की गाडी बंद पडली? गेले सात महिने मी दुसरं काय सांगत आलो होतो? त्याने का म्हणून विश्वास ठेवायचा? आणि नाही ठेवला, नाही आला, तर? तर गाडी ढकलत मुलुंडला नेता आली असती, चार माणसं मिळाली असती, त्यात काय मोठंसं. गाडीची मला पर्वा नव्हती. मला पुन्हा एकदा त्याच्या समोरच्या त्या उपड्या डब्यावर बसायचं होतं. एवढंच हवं होतं मला. हसायचं असेल तर हसा.

गाडी माझी कधी नव्हतीच. ती मामांची. युद्धाच्या आधीची, विलायती बनावटीची, काळी, पुढून जराशी रडव्या चेहऱ्याची. मामा डॉक्टर होते, जाताना गाडी माझ्या नावावर करून गेले, आणि मी ती ठेवली ती क्षमासाठी. क्षमा माझी धाकटी बहीण. आई गेल्यापासून अकरा वर्षं आम्ही दोघंच मुलुंडच्या घरात. तिला मागे बसायला आवडायचं, पुढे नाही. 'दादा, तू ड्रायव्हर, मी शेठाणी,' म्हणायची. जुहूला जायचो, एकदा मार्वेला जाऊन नावेतून मनोरीला गेलो तर परतीच्या नावेत तिला उलट्या झाल्या. मग अडतिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. नागपूरचे बिजवर, बरे गृहस्थ. वैशाखात लग्न झालं. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. सुटलास बाबा जबाबदारीतून! शेजारचे भाऊ तर म्हणाले, आता काय, राजा माणूस! जायच्या आदल्या संध्याकाळी क्षमा स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती, रवा, साबूदाणा, मेतकूट. पाठमोरीच म्हणाली, 'दादा, मी गेल्यावर तू रे?' मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. 'माझं काय, मी मजेत,' म्हणालो. ती चिठ्ठ्या चिकटवत राहिली. तिला बरं वाटावं म्हणून मी तसं म्हटलं अशी माझी त्या वेळी समजूत होती. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. तिने तो प्रश्न पुरा विचारला असता तर मी तिथेच, त्या डब्यांसमोर, ओक्साबोक्शी रडलो असतो, आणि मग कसलं लग्न नि कसलं काय.

तर मी मजेत होतो. ऑफिसात मजेत, गाडीतळावर मजेत, भाऊंच्या ओट्यावर मजेत. लोक विचारतात, 'काय, कसं काय?' आणि उत्तराच्या आधीच त्यांची मान पुढच्या माणसाकडे वळलेली असते. दोष त्यांचा नाही. मीही तसंच विचारतो. भाऊंना संधिवात आहे की मूळव्याध, हे शेजारी राहून मला धड ठाऊक नाही. आपण एकमेकांना विचारतो ते दार लावलंय ना हे बघण्यासारखं. लागलेलं असलं की झालं, पुढे चला.

जुलैत गाडीने पहिल्यांदा खरोखर त्रास दिला. झटके द्यायची. पंपावरच्या माणसाने ताडपत्रीकडे बोट दाखवलं, म्हणून गेलो. पन्नाशीचा, काटकुळा, पांढऱ्या खुंटांचा माणूस, अंगात गंजीफ्रॉक, कुडाळकडचं बोलणं. मी म्हटलं, 'गाडी बरोबर चालत नाही, जरा बघ.' त्याने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. एक रिकामा तेलाचा डबा उपडा करून माझ्याकडे सरकवला, स्वतः दुसऱ्यावर बसला आणि म्हणाला, 'बरोबर नाय म्हंजे काय?' मी म्हटलं, 'झटके देते.' 'कधीपासून?' 'चारपाच दिवस.' 'चार की पाच?' मी बोटांवर मोजायला लागलो, तोवर पुढचं आलंच. 'थंड असताना की गरम झाल्यावर? चढावर की सपाटीक? पयल्यांदा झाला तेव्हा तुमी खंय होतास? आवाज आधी इलो की झटको आधी?' मी वैतागून म्हटलं, 'अरे बाबा, बॉनेट उघडून बघ ना!' तर म्हणतो कसा, 'उघडून काय बघू? उघडल्यावर सगळ्या गाड्यो सारख्योच दिसतत. आधी सांगा.' पुढे कधीतरी त्यानेच सांगितलं की तो परळला गिरणीत फिटर होता. तिथे कान द्यायची सोयच नव्हती, सगळीकडून नुसता खडखडाट. मग साच्यावर, म्हणजे मागावर, जो माणूस असेल त्यालाच बाजूला घेऊन विचारायचं, कधीपासून, कसं, आधी काय झालं होतं. गिरणी सुटली, सवय राहिली. मालकाने सगळं सांगितल्याशिवाय तो पाना हातात घेत नसे. घाईची गिऱ्हाइकं कंटाळून निघून जात. जाऊ देत म्हणायचा.

त्या पहिल्या दिवशी मी तासभर बोललो. एकेक आठवून आठवून. तो डोळे मिटून ऐकत होता, मधूनच एखादं बोट वर करायचा, म्हणजे थांबा, हे पुन्हा सांगा. मग एकदम डोळे उघडून विचारलं, 'त्या दिवशी घराकडून निघताना काय झाला होता?' मी म्हटलं, त्याचा गाडीशी काय संबंध? तर म्हणाला, 'आसा तर. माणूस तापलेलो असलो की क्लचावर पाय ठेवून बसता. जीव थाऱ्यावर नसलो की गिअर बदलूक इसरता. गाडी एकटी बिघडत नाय, साहेब.' मी सांगितलं. क्षमाचं पत्र आलं होतं त्या दिवशी. चार ओळींचं. मजेत आहे, तूही मजेत असशीलच. माझाच शब्द तिने मला परत पाठवला होता. ते खिशात घालून मी गाडी काढली होती आणि घाटकोपरपर्यंत कुठे वळलो, कुठे थांबलो, काही लक्षात नव्हतं. दत्ताराम म्हणाला, 'हूं. मगे दुसऱ्या गिअरातच चालवलीत सगळी वाट.' आणि ते खरंच होतं! मी दुसऱ्या गिअरात गेलो होतो, इंजिन नुसतं बोंबलत होतं आणि मला पत्ता नव्हता. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की काय सांगू. कोणीतरी मला जागच्या जागी पकडलं होतं. त्याने प्लग काढून साफ केले, काहीतरी आवळलं, पंधरा मिनिटांचं काम. घरी आलो आणि कितीतरी दिवसांनी दोन वेळचं पोटभर जेवलो.

आणि गाडी झकास चालायला लागली. पुढच्या रविवारी चालली, त्याच्या पुढच्याही. त्याच्याकडे जाण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नाही. तिसऱ्या रविवारी मी नुसताच गेलो, तर तो म्हणाला, 'काय साहेब, काय झाला?' मी म्हटलं, काही नाही, सहज. 'बरा,' म्हणाला आणि एका टॅक्सीखाली शिरला. मी ताडपत्रीखाली पाचदहा मिनिटं उभा राहिलो. वाटेत येत होतो म्हणून बाजूला सरकलो, तिथेही वाटेतच होतो. घरी आल्यावर मी गाडीच्या कप्प्यातलं मालकासाठीचं पुस्तक काढलं. मामांनी जपून ठेवलेलं, इंग्रजी, शेवटी तक्ता. डावीकडे लक्षणं, उजवीकडे कारणं. लोक ते पुस्तक दोष शोधायला वाचतात. मी कारणांकडून लक्षणांकडे वाचत गेलो. कॉइलकडून एक बारीक वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते, ठिणगीची वीज नेणारी. ती जरा वाकवून टोकाचा छोटा नट दोन फेरे सैल केला की गाडी झटके देते. ड्राफ्ट्समनचा हात आहे माझा, दोन म्हणजे दोनच फेरे.

सात महिने. दर रविवारी सकाळी दुकानापासून जरा अलीकडे, वळणावर थांबायचं, बॉनेट उघडायचं, रुमालाने बोटं पुसायची आणि मग चाचरत, धडपडत ताडपत्रीपर्यंत. लाज नाही वाटली? वाटायची ना. बॉनेट खाली घेताना वाटायची. पण मग तो डबा सरकवायचा, 'सांगा' म्हणायचा, आणि मी सांगायला लागलो की लाजबीज सगळी विरून जायची. गाडीचं खोटं सांगायचो, पण त्या दिवशी घरून निघताना काय झालं होतं ते मात्र दर वेळी खरं सांगायचो. चंद्रप्रकाश म्हणून ऑफिसातला पोरगेलासा माणूस माझ्या डोक्यावर आणून बसवला ते सांगितलं. क्षमाने लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यांवरून सुटायला लागल्या आणि मी त्या खळ लावून पुन्हा चिकटवल्या, तर मेतकुटाची साबूदाण्यावर गेली, हे असलं काहीतरीसुद्धा सांगितलं. त्यावर त्याने विचारलं, 'मगे बदललीत की तशीच ठेवलीत?' मी म्हटलं, तशीच. तो म्हणाला, 'हूं.' मग उठून बॉनेट उघडायचा, नट बघायचा आणि स्वतःशीच चुकचुकायचा. 'परत सैल! ह्या कसा होता?' त्याने वॉशर बदलला. दुहेरी नट लावला. इंजिनाच्या खालचं रबर तपासलं. मी शेजारी उभा राहून गंभीर चेहऱ्याने मान हलवायचो. केवढा नालायकपणा!

आणि तीन रविवारांपूर्वी त्याने सगळं ऐकून घेतलं, नेहमीसारखे डोळे मिटून, आणि ते न उघडताच म्हणाला, 'साहेब, तुमच्या गाडीक काय एक झाला नाय. तो नट तुमीच सोडतास.' आवाज नेहमीचाच. मी हसण्याचा प्रयत्न केला. 'झटक्यान सैल झालेलो नट येगळो, हातान सोडलेलो येगळो. दोन म्हयने झाले, माका म्हायत आसा.' दोन महिने! म्हणजे दोन महिने तो जाणून होता आणि तरी डबा सरकवत होता. त्या वेळी मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही. माझे कान तापले, शेजारी एका ट्रकचा क्लीनर उभा होता, तो हसला असं मला वाटलं, आणि माझ्यातला हेड ड्राफ्ट्समन उसळून उठला. 'मला खोटं ठरवतोस? तू? माझी गाडी बघायला छप्पन्न मेकॅनिक मिळतील!' तो म्हणाला, 'मिळतले ना.' मग आणखी काहीतरी सांगत होता, त्या वायरीबद्दलच, हाताने वाकवून दाखवत होता. मी ऐकलं नाही. मी ओरडत होतो. ज्या माणसाने मला सात महिने ऐकलं त्याचं एक वाक्य मी ऐकून घेतलं नाही. गाडीचं दार आपटून निघालो, आणि सैल नटामुळे गाडी झटके देत, उड्या मारत तिथून गेली. लाज आणायला तेवढंही पुरेसं होतं.

त्यानंतर घरी पोहोचल्यावर मी नट घट्ट आवळला आणि बॉनेट बंद केलं ते बंदच. दोन रविवार कॉटवर पडून काढले. छताकडे बघत. भाऊंनी खिडकीतून विचारलं, 'काय श्यामसुंदरराव, गाडी काय म्हणते?' म्हटलं, मजेत. तिसऱ्या रविवारी, म्हणजे आज, डोक्यात एक भलतंच खूळ शिरलं. म्हटलं, गाडी किती सुरेख चालते हे त्याला दाखवायचं. समोरून जायचं. तो बघेल, त्याला कळेल की मी आता ते करत नाही, तो हात वर करेल, मी थांबेन, मग पुढचं पुढे. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाचा बेत हा! मुलुंडहून निघालो, दुकानासमोरून गेलो. तो एका ट्रकखाली होता, नुसते पाय दिसत होते. विक्रोळीच्या पुढून वळून परत आलो, अगदी हळू. पायच. नाहूरहून पुन्हा वळलो. या वेळी हॉर्न वाजवला. पाय हलले नाहीत. आणि फर्लांगभर पुढे येऊन गाडी बंद पडली.

मी गाडीतच बसून राहिलो, पंधरावीस मिनिटं असेन. आपणच बघू म्हटलं, इतके महिने त्याच्या तोंडून ऐकलंय. त्याचा एक नियम होता: खोकत खोकत मेली तर पेट्रोल, एकदम मेली तर वीज. एकदम मेली. ठीक. कधीपासून? आता. आधी काय झालं होतं? इथे मी अडलो. कारण या गाडीला आधी जे काही झालं होतं ते मीच केलेलं होतं. दुखणं कुठलं आणि नाटक कुठलं, हे मला स्वतःला वेगळं करता येईना. ऑगस्टमध्ये एकदा चढावर दम लागला होता, तो खरा की मी रचलेला? रचता रचता तो मला आठवायलाही लागला होता. आणि मग, कशाचं काय, गाडी बाजूलाच राहिली. मी मजेत आहे असं इतकी वर्षं म्हणत आलो त्यातलं खरं कुठपर्यंत? क्षमा असताना तरी होतो का? मला वाटायला लागलं की समोर कोणी डबा टाकून बसल्याशिवाय मला काही कळतच नाही. काच खाली केली तर धूळ आत आली, एक ट्रक गेला होता. मी किल्ली काढली आणि चालायला लागलो.

चालताना उत्तरं जुळवत होतो. या वेळी सगळी खरी. थंड की गरम? गरम. चढावर? नाही, सपाटीला. आवाज? नाही, आवाज गेला तोच. तेव्हा तुम्ही कुठे होतात? तुझ्या दुकानासमोरून तिसऱ्यांदा जात होतो. का? तू बघावंस म्हणून. आणि घरून निघताना काय झालं होतं? काही झालं नव्हतं, दत्ताराम. कालपासून मी कोणाशी एक शब्द बोललेलो नव्हतो, आणि आज सकाळी दूधवाल्याशी बोलायला गेलो तर घशातून आवाजच निघेना, खाकरावं लागलं. हे सांगायचं ठरवलं. घशाचं सांगितलं की त्याला कळेल. बोट वर करून म्हणेल, पुन्हा सांगा. ऊन चढलं होतं, शर्ट पाठीला चिकटला होता, पण खरं सांगतो, मला जवळजवळ आनंद होत होता. इतक्या महिन्यांत प्रथमच मी त्याच्याकडे खराखुरा बिघाड घेऊन चाललो होतो.

पाय अजून ट्रकखालीच होते. मी म्हटलं, 'दत्ताराम.'

'कोण?'

'मी. मुलुंडचा.'

'हां.'

'गाडी बंद पडली. पुढे, चिंचेखाली.' आणि मग मी म्हटलं, 'खरंच.' तो शब्द तोंडातून गेला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो बाहेर आला. चिंधीला हात पुसले. मी डब्याकडे पाहिलं. डबे दोन्ही होते, एकावर कोणीतरी पान्यांची पेटी ठेवलेली. त्याने पक्कड घेतली, खिळ्यावरून हातभर वायर काढून घेतली, आणि पायांत चपला सरकवून चालायला लागला. मी मागोमाग. थोडं अंतर गेल्यावर मीच सुरू केलं. 'गरम होती. एकदम मेली. खोकली नाही.'

'हूं,' तो म्हणाला.

'सपाटीला. झटका नाही, काही नाही.'

'बघूया.'

पुढचं तो विचारेल म्हणून मी थांबलो. त्याने विचारलं नाही. आम्ही चालत राहिलो. गाडीपाशी पोहोचल्यावर त्याने सरळ बॉनेट उघडलं. आधी! मला काही न विचारता! दोन बोटांनी ती बारीक वायर धरून हलकी ओढली, आणि ती टोकापाशी इलास्टिकसारखी लांबली. त्याने वरचं रबर पकडीने सोललं. आत तांब्याच्या तारा एकेक करून तुटलेल्या, शेवटची आत्ताच तुटलेली, चकचकीत.

'त्या दिवशी ह्याच सांगत होतंय,' तो म्हणाला. 'दर खेपेक वाकवलात, सरळ केलात, वाकवलात. बाहेरना कळना नाय. आत तुटत जाता.'

'मी ऐकलं नाही,' मी म्हटलं.

'नाय ऐकलात.'

त्याने नवीन वायर कापली, टोकं वळवली, बसवली. त्याच्या हातांकडे मी आज पहिल्यांदाच नीट बघत होतो. डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. सात महिने मी या माणसासमोर बसलो होतो आणि त्याच्या करंगळीला पेर नाही हे मला माहीत नव्हतं. गिरणीत गेलं की आणखी कुठे? त्याला बायकोमुलं आहेत की नाहीत? राहतो कुठे? जीभ अगदी टोकाशी आली होती माझी. पण सात महिने आपलंच दळण दळल्यावर आता कुठल्या तोंडाने विचारायचं?

'दत्ताराम, तू आज काही विचारलं नाहीस,' मी म्हटलं. आवाज रडवेला झाला, होऊ दे.

त्याने नट आवळला. 'काय इचारू? तुमी सांगतलात, मी खरा धरतलंय. त्यापरीस वायर बघितलेली बरी.' मग पक्कड खिशात घालत, माझ्याकडे न बघता म्हणाला, 'तो नट परत परत सैल कशान होता, ह्या माका समजत नव्हता. पाच म्हयने. घरी जेवूक बसलंय तरी तुमची गाडी डोळ्यांपुढे. बायल म्हणायची, ताटात बघा.'

मी बॉनेटचा काठ घट्ट धरला. मुलुंडच्या घरात मी एकटा ताट घेऊन बसत होतो तेव्हा कुठेतरी एक माणूस जेवता जेवता थांबत होता, माझ्यावरून. माझ्या गाडीवरून, पण ते एकच. आणि मी ते पाच महिने वाकवत, सरळ करत, वाकवत होतो.

'मी गाडीसाठी येत नव्हतो,' मी म्हटलं. एकदाचं म्हटलं.

'म्हायत आसा,' दत्ताराम म्हणाला. 'पण माका गाडीच दुरुस्त करता येता, साहेब. सुरू करा बघू.'

मी आत बसलो, किल्ली फिरवली, स्टार्टर ओढला. पहिल्या हिसक्याला इंजिन लागलं. त्याने कान न देताच बॉनेट खाली घेतलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं. मी खिडकीतून मान काढून म्हटलं, 'पुढच्या रविवारी येऊ?'

'बिघडली की या,' तो म्हणाला. 'पण आता नाय बिघडूची. धा वर्सां बघूक नको.'

तो फर्लांगभराची वाट परत चालायला लागला, चपला फटफटवत. मी गाडी वळवली, त्याच्या शेजारून गेलो, पंपावरून गेलो, नाहूर मागे पडलं. काचा खाली होत्या. पहिल्या गिअरातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, सगळं नीट पडत होतं. मी सारा वेळ कान लावून बसलो होतो. एखादी खरखर, एखादा चुकलेला ठोका, काहीही चाललं असतं. मुलुंडपर्यंत गाडी एकदासुद्धा अडखळली नाही.